वरळीच्या हरळीचा भाव

ता. २९ जुलै १८९५, श्रावणी सोमवार

आज घरात आलं ते :
गवत कापायचं विलायती यंत्र, एक, वापरलेलं — रुपये अडतीस.
त्याच्या तेलाची शिशी — सहा आणे.
बंदरावरून परळपर्यंत बैलगाडी — सव्वा रुपया.
खुरपी सहा, दर तीन आणे — एक रुपया दोन आणे.
विळे चार — बारा आणे.
हरेश्वर भावोजींची फुशारकी — फुकट, आणि पोटभर!

अडतीस रुपयांत चार दुभत्या शेळ्या आल्या असत्या. शेळीही गवतच कापते, वर दूध देते, आणि तिला तेल लागत नाही. पण भावोजींना हे सांगणार कोण? कॉलर लावून, बूट घालून यंत्र अंगणात फिरवून दाखवलं. दोन चाकं, मध्ये पात्यांचा रूळ, मागे दांडा. तुळशीपाशी येऊन जे अडकलं ते तिथंच. "वहिनी, विलायतेत हे असंच चालतं!" विलायतेत तुळस नाही म्हणून चालत असेल.

हे नुसते हसले. ह्यांचं सगळं हसण्यावारीच.

ता. ३१ जुलै, बुधवार

यंत्र कशासाठी ते आज कळलं. भावोजी ज्या कंपनीत कारकून आहेत तिला तीन ठिकाणची हिरवळ राखायला मक्तेदार हवा आहे. कोटातली कचेरी, लालबागची गिरणी आणि वरळीला समुद्राकाठी बांधलेला नवा बंगला. तिथं महिन्यातून एकदा कंपनीचे भागीदार जमणार, चहा पिणार आणि गवताकडे पाहणार. गवताकडे पाहायला बंगला! मक्ता तीन वर्षांचा. दर मोहोरबंद पाकिटात बारा तारखेपर्यंत.

ह्यांचा धंदाच साहेबांच्या बागा राखण्याचा. पण आजवर एकेक बंगला, तोंडी बोली, महिन्याला चार-पाच रुपये. असा मक्ता घरात कधी आला नाही.

अप्पा ओटीवर बसून ऐकत होते. मामंजी बोलतात कमी, पण बोलले की गाठ मारतात. म्हणाले, "मक्ता मिळाला तर वाडी राहील. नाही तर दसऱ्यानंतर विक्रीचा कागद करून टाकू."

शेजारच्या गिरणीला आमची वाडी हवी आहे. चाळ बांधणार. तिच्या धुरानं पानवेल काळी पडली, पडवळावर काजळी बसते, भायखळ्याच्या बाजारात कोणी हात लावत नाही. आधी वाडी काळी करायची, मग म्हणायचं काळी वाडी काय कामाची, विका! वर विहिरीचे पैसे वेगळे देऊ म्हणतात. विहिरीवरच्या घुमटीतली देवी? तिचे किती देणार, ते विचारायचं राहिलं.

लग्न होऊन आले त्या दिवसापासून मी त्या घुमटीत दिवा लावते आहे. एक दिवस चुकला नाही.

ता. २ ऑगस्ट, शुक्रवार

ह्या धंद्यातली माणसं भाव कसा सांगतात ते ऐकून घ्यावं. लालबागचा दौलत साहेबाचा कुत्रा पाहतो. गळ्यात चामड्याचा पट्टा असला की दोन रुपये जास्त. पट्ट्यावर पितळेची चकती असली की तीन! दुसरा एक जण व्हरांड्यातल्या खुर्च्या मोजतो. वेताच्या किती, लाकडी किती.

आणि आमचे? हे फाटकाशी वहाणा काढतात, अनवाणी त्या गवतावरून फिरतात. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग आडवे. मध्येच थांबतात. डोळे मिटतात. आणि मग एक आकडा सांगतात — अंगात आल्यासारखा!

एवढंच म्हणते की वहाणा काढतात हे चांगलं. हरळी म्हणजे दूर्वाच. गणपतीला वाहायची ती साहेब बुटानं तुडवतो, तशी आपण तुडवू नये. ह्यांना आरती तोंडपाठ नाही, एकादशी कधी ते मला विचारतात, पण दूर्वेचा मान ठेवतात. ह्यांच्या पदरी जमा करायला मला एवढं एकच पुण्य सापडलं आहे.

ता. ३ ऑगस्ट, शनिवार

उपास. यंत्र गंजायला लागलं. सहा आण्यांचं तेल पिऊन!

ता. ६ ऑगस्ट, मंगळवार

हे तिन्ही जागा पाहून आले. बरोबर सोनूबाई होती. ती आमच्या खुरपणाऱ्या बायकांची मुकादमीण. मूळची मालवणकडची, नवरा गिरणीत, जीभ तिच्या खुरप्याहून धारदार. दोघांचे पाय घोट्यापर्यंत चिखलानं भरलेले.

मी पाटी-पेन्सिल घेऊन बसले होते. विचारलं, "किती?"

"कोटातले सात. लालबागचे सोळा. वरळीचे साठ."

"साठ! कसे आले साठ?"

"चालून पाहिलं ना."

"चालून पाहिल्यावर साठ येतात? वार किती? पाणी किती? रोज किती?"

हे पाय धूत होते. म्हणाले, "वरळीची जागा पायाला बरी लागली नाही."

"पायाचं पायापाशी ठेवा!" मी म्हटलं. "कंपनी वारावर पैसे देते, तळव्यावर देत नाही."

भावोजी खो खो हसले. म्हणाले, "दादा, वरळी तर हिरवीगार आहे! मी परवाच पाहिली. तिघांत तीच चांगली."

ह्यांनी चुळा भरल्या, देवाला हात जोडले, पानावर बसले. न बोलणं हेच ह्यांचं उत्तर. अशा माणसाच्या हातात वाडी द्यायची म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. नव्हे, माकड निदान दोन उड्या तरी मारतं.

मी ठरवलं. दर मी काढणार. बाबांनी लोकांची बोलणी खाऊन मला मॅट्रिकपर्यंत शिकवलं, ते काय नुसते दुधाचे रतीब मांडायला?

ता. ९ ऑगस्ट, शुक्रवार

दुपारभर बसून हिशेब पुरा केला. भावोजींकडून तिन्ही जागांचे नकाशे मागवले. एवढा एक उपयोग झाला त्यांचा. पट्टी लावून मोजलं. कोट एक हजार चौरस वार. लालबाग तीन हजार. वरळी चार हजार.

मग सोनूबाईला बोलावलं. "एक बाई दिवसाला किती वार खुरपते?"

"बाये, गप ऱ्हवणारी असली तर शंभर. गजाली करणारी असली तर साठ."

मी शंभर धरले. गप्पा मारणारीला कामावर घ्यायचंच नाही! सोनूबाई म्हणाली, "मग तुमका एकपण बाई मिळूची नाय." हसली. हसू दे.

हजार वारांना पावसाळ्यात महिन्याला : गडी चार दिवस यंत्र ढकलणार, सहा आणे रोज, म्हणजे दीड रुपया. खुरपणीचे दहा रोज, तीन आण्यांनी, एक रुपया चौदा आणे. एकूण तीन रुपये सहा आणे. पाणी देव देतो.

बाकीचे आठ महिने : कापणी निम्मी, खुरपणी निम्मी, पण एक दिवसाआड पखालीचं पाणी, त्याचेच पावणेचार रुपये. एकूण पाच रुपये सात आणे. वर्षाची सरासरी काढली तर महिन्याला पावणेपाच रुपये येतात. त्यावर चौथाई आपली. पाच रुपये पंधरा आणे, हजार वारांना. आण्याचाही घोळ नाही. वाचून वाचून मलाच बरं वाटलं.

कोट आणि लालबाग मिळून चार हजार वार, माझे तेवीस रुपये बारा आणे. ह्यांचे सात आणि सोळा, तेवीस. जवळ आले! कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, दुसरं काय.

आणि वरळी एकटी चार हजार वार. तीही तेवीस रुपये बारा आणे. चार हजार वार ते चार हजार वार! एका ठिकाणी तेवीस आणि दुसऱ्या ठिकाणी साठ, हे कुठल्या गणितात बसतं? समुद्राचा वारा खायचे का सदतीस रुपये?

ह्यांच्यापुढे कागद ठेवला. ह्यांनी वरळीच्या आकड्यावर बोट टेकवलं, उचललं. म्हणाले, "तू मॅट्रिक झालेली. मी काय सांगणार?" आणि खाली सही केली. सही तरी सरळ ओळीत करावी!

ता. १२ ऑगस्ट, सोमवार

पाकीट गेलं. लाख वितळवून मीच मोहोर केली. तिन्ही मिळून साडेसत्तेचाळीस रुपये महिना. वर घुमटीतल्या देवीचा अंगारा लावला. भावोजी म्हणाले, "वहिनी, साहेबाला डाग वाटेल." वाटू दे. साहेबाला सगळंच डाग वाटतं.

ता. २५ ऑगस्ट, रविवार

गणपती. एकवीस दूर्वांच्या एकवीस जुड्या वाडीतूनच. अजून वाडी आहे. पुढच्या वर्षीचं त्यालाच विचारलं.

ता. ४ सप्टेंबर, बुधवार

मिळाला! मक्ता मिळाला!

भावोजी व्हिक्टोरिया गाडी करून आले — बारा आणे उडवले, पण आज क्षमा. दौलतचे बावन्न होते. दुसऱ्या कोणाचे सत्तर. आमचे सगळ्यांत कमी, आणि हेडक्लार्क म्हणे म्हणाला, "असा स्वच्छ हिशेब कोणी केला?" भावोजींनी सांगितलं, "माझ्या देखरेखीखाली झाला." वा! गाढव ओझं वाहतं, तेही स्वतःला वाणी म्हणवू लागलं.

अप्पांनी मला हाक मारली. "सूनबाई, वाडी राखलीस." एवढंच. पण त्यांचे डोळे भरले होते. मी घुमटीत जाऊन बसले. देवीला म्हटलं, ऐकलंस ना?

हे वाडीत गवताच्या मुळ्या निवडत बसले होते. आनंद नाही, काही नाही. बायकोची बुद्धी मोठी ठरली की पुरुषाचं तोंड असंच होतं. ओळखून आहे मी.

ता. ७ सप्टेंबर, शनिवार

कराराचा मसुदा आला. इंग्रजीतून मीच अप्पांना वाचून दाखवला. तीन वर्षं हाच दर, एक पै वाढणार नाही. तारण म्हणून वाडी. तीन जागांपैकी एक जरी करपली, तर मक्ता रद्द आणि वाडी कंपनीची.

अप्पा ह्यांच्याकडे वळले. "काय रे? करू सही?"

हे म्हणाले, "दसऱ्याला करा. मुहूर्त चांगला." ह्यांना मुहूर्त सुचला! ज्या माणसाला एकादशी कळत नाही त्याला! मी थक्क झाले. कंपनीनं दसऱ्यापर्यंत मुदत दिली.

ता. १६ सप्टेंबर, सोमवार

हे आज केळव्याला गेले, मामांकडे. कशासाठी? तर हरळीच्या मुळ्या आणायला! पालघरपर्यंत आगगाडी, पुढं बैलगाडी, जायचे-यायचे दोन रुपये. गवत आणायला केळवे! परळात गवत उगवत नाही जसं काही. मी तसं म्हटलंही. "वाडीतली हरळी काय विटाळलेली आहे?" तर म्हणाले, "ती वेगळी, ही वेगळी." गवतात जातीभेद! आजवर माणसांत पाहिला होता.

दसऱ्याच्या आत येतो म्हणाले. मामांच्या पडवीत पान खाऊन लोळायचं आहे, बाकी काही नाही.

ता. १९ सप्टेंबर, गुरुवार

घट बसले. नऊ दिवस अनवाणी आणि नऊ दिवस अळणी. मिठाचा कण जिभेला लावणार नाही. मक्त्यासाठी नवस बोलले होते, तो फेडायचा.

ता. २३ सप्टेंबर, सोमवार

कसं लिहू ते कळत नाही. आधी झालं तसं लिहिते.

सकाळी महालक्ष्मीला ओटी भरायला गेले. सोबत सोनूबाई. बैलांचा रेकला केला, पाच आणे. दर्शन चांगलं झालं. देवीपुढे उभी राहून म्हटलं, तुझ्या कृपेनं वाडी राहिली. परतताना वाटलं, समुद्राच्या बांधावरून पुढं वरळी किती लांब? ज्या जागेचा भाव काढला ती एकदा पाहावी. खरं सांगायचं तर मिरवायचं होतं. कोणापुढं? सोनूबाईपुढं!

बंगल्याचा माळी फाटकाशी होता. आत सोडलं. चार हजार वार. नकाशावर दिसते तशीच, चौकोनी. पण पाऊस उघडून दहा दिवस झाले, आणि हिरवं मधल्यामधेच उरलं आहे. कडेनं हात-हात पिवळं. त्या पिवळ्याच्या बुडाशी पांढरं, रांगोळी सांडल्यासारखं.

मी वर पाय ठेवला. जमीन चिकटली. पाच दिवस अनवाणी चालून टाचांना भेगा पडल्या आहेत, त्या भेगांत आग उठली. अशी, की डोळ्यांत पाणी आलं. दहा पावलं गेले. प्रत्येक पावलाला तेच.

खाली वाकून चिमूट उचलली, जिभेला लावली. मीठ! पाच दिवस मिठाला न शिवलेली जीभ. चुकायची शक्यताच नाही. व्रत मोडलं ते तिथं.

सोनूबाई मागं उभी होती. म्हणाली, "बाये, ही भरावाची जमीन. खालना दर्या येता. पावसात गोडी लागता, पाऊस गेलो की मीठ वर."

"तुला कधी कळलं?"

"धनी तेव्हांच बोलले. पायाक चिकटता, म्हणाले. हात-हात माती काढून लाल माती घालूक व्हयी, गोड्या पाण्यान दोन म्हयने धुवूक व्हयी. म्हणान साठ."

पाय! म्हणजे ते देवाधर्माचं नव्हतंच. दूर्वेचा मान नव्हता. जमीन गार आहे की तापलेली, घट्ट की पोकळ, गोडी की खारी, हे सगळं तळव्यानं वाचत होते. मी पट्टी लावून कागद वाचला. आणि त्यांच्या पदरी एकच पुण्य जमा केलं होतं, तेही चुकीच्या खात्यावर!

"मग मला का नाही सांगितलं?" मी ओरडलेच. माळी पाहायला लागला.

सोनूबाई शांतपणे म्हणाली, "सांगूक लागले होते. तुमी म्हटलंत, पायाचा पायापाशी ठेवा. तुमी शिकलेल्या. तुमच्याफुडे कोण बोलतलो?"

मी खाली बसले. त्या मिठातच. मग ती म्हणाली, "म्हणान तर केळव्याक गेलेत. थयच्या दर्याकाठाक एक हरळी आसा, खाऱ्यात तगता. ती हुडकूक गेलेत. माका म्हणाले, हिका बोलू नको. तिचो आकडो खोटो पडूक नको."

दसऱ्याचा मुहूर्त कशाला मागितला तेही आता कळलं.

रेकल्यात बसून घरी आलो.  गजाली करणारी म्हणून जिच्यासारख्यांना मी हिशेबातून वगळलं होतं, ती दीड महिना हे पोटात ठेवून होती.

ता. २४ सप्टेंबर, मंगळवार

भावोजी म्हणतात, वरळी सोडतो म्हटलं की तिन्ही जातील, मक्ता दौलतला. जाऊ दे की राहू दे, ते मला आता ठरवता येत नाही. अप्पांना सांगितलं, शनिवारी सही करू नका. "कोणाची चूक?" म्हणाले. "माझी," म्हटलं.

केळव्याला पाकीट टाकलं. अर्धा आणा. कार्ड पैशात गेलं असतं, पण कार्ड वाटेतले सगळे वाचतात. मजकुराची नक्कल इथं ठेवते :

"शिरसाष्टांग नमस्कार. काल वरळीला अनवाणी चालून आले. माझे तेवीस रुपये बारा आणे खोटे आहेत. खाऱ्यातली हरळी मिळाली का? ती तीन वर्षं तगेल का? ती लावली तर साठातले किती कमी होतील? आणि नाही मिळाली तर नाही म्हणून लिहा, मी कंपनीला माझ्या नावानं कळवते की आकडा माझा होता. तुमच्या पायांना तिथं जे जे कळलं ते सगळं लिहा. मी मध्ये बोलणार नाही. शनिवारी दसरा, त्याच्या आत हातात पडलं पाहिजे. उलट टपाली कळवावे."